मर्लिन मन्रो अनाथ नव्हती?? तिच्या आईबद्दल कुणाला नीट माहितीये का?

वेंधळी_वैदेही

मंडळी, एक विचारायचं होतं. लहानपणी आमच्याकडे जुन्या सिनेमासिकांचा गठ्ठा होता, त्यातल्या एकात मर्लिन मन्रोवर लेख होता, अनाथाश्रमात वाढलेली पोरकी पोर आणि मग सगळ्या जगाची लाडकी वगैरे, आणि ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की तिला आईबाप नव्हते याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. परवा रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईल चाळत पडले होते तर कुठेतरी वाचलं की तिची आई ग्लॅडिस १९८४ साली गेली. १९८४! म्हणजे मुलगी १९६२ ला गेली आणि आई त्यानंतर जवळजवळ बावीस वर्षं जगली. मी तेव्हा बालवाडीत डबा सांडत होते.

मग शोधायला गेले तर सगळीकडे एकच वाक्य, "तिची आई मनोरुग्ण होती". बास. पुढे काही नाही, लगेच मर्लिनचे नवरे सुरू. म्हणजे ही बाई कोण होती, काय करायची, पोट कसं भरायची, पोरीला अनाथाश्रमात तिनेच घातलं का, वडील कुठे होते? आणि आई जिवंत असताना पोरगी अनाथ कशी? की आईने टाकलीच होती आणि लोक सभ्यपणे आजारी म्हणतात? कुणी वाचलं असेल तर सांगा प्लीज, लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी वाचते.

---

स्पष्टच_बोलतो

टाकलीच होती की. पोरगी दोन आठवड्यांची असताना दुसऱ्यांच्या घरी नेऊन ठेवली, याला दुसरं काय म्हणतात? आजार वगैरे नंतर आला. आधीच्या दोन पोरांचंही हेच, ती पण तिच्याजवळ नव्हती. तीन पोरं आणि एकही जवळ नाही. सिनेमावाल्यांच्या आया म्हटलं की लोकांना लगेच कढ येतात.

---

जुनं_रीळ

स्पष्ट, थांबा जरा. दोन पोरांचं काय झालं ते आधी सांगतो, मग ठरवा.

ग्लॅडिस जन्मली १९०२ साली, मेक्सिकोत, टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या एका गावात, कारण वडील रेल्वेत रंगकामाला होते. पुढच्याच वर्षी घर लॉस एंजेलिसला आलं. ती सात वर्षांची असताना वडील गेले, तेही मनोरुग्णालयात. सिफिलिस मेंदूत गेला होता, पण घरात सगळ्यांनी धरलं की वेड लागलं, आणि हे "आपल्या घराण्यात वेड आहे" तिच्या मानेवर जन्मभर बसलं. मग १९१७ मध्ये, पंधरावं पूर्ण व्हायच्या आत, नऊ वर्षांनी मोठ्या बेकर नावाच्या माणसाशी लग्न. तो मारायचा. दोन मुलं झाली, रॉबर्ट आणि बर्नीस. १९२१ ला तिने घटस्फोटाचा अर्ज केला, १९२३ ला मिळाला, मुलांचा ताबा कोर्टाने तिलाच दिला. आणि नवरा मुलांना उचलून त्याच्या गावी, केंटकीला घेऊन गेला, तीनेक हजार किलोमीटर लांब. ती मागे गेली, तिथे लोकांच्या घरी घरकामाची नोकरी धरून राहिली, पोरं परत मिळतायत का बघितलं, आणि शेवटी एकटीच परत आली. याला टाकणं म्हणायचं तर म्हणा.

आता नोकरी, हा माझा प्रांत, म्हणून जास्त लिहितो. वैदेही, ती निगेटिव्ह कटर होती. हॉलिवूडमध्ये कन्सॉलिडेटेड फिल्म इंडस्ट्रीज नावाची मोठी लॅब होती तिथे. मी स्वतः ऐंशीच्या दशकात मुंबईत एका लॅबमध्ये निगेटिव्ह कटिंग केलंय त्यामुळे हे काम काय असतं ते सांगू शकतो. एडिटर जे कापाकापी करतो ते कामचलाऊ प्रिंटवर. ती पसंत पडली की मग मूळ निगेटिव्ह काढायचं आणि एकेक फ्रेम जुळवून तसंच कापायचं. ते निगेटिव्ह एकच असतं हो. चुकून एक फ्रेम इकडची तिकडे कापली तर ती गेली, नटाला परत बोलवून शूटिंग करणार का? हातात पांढरे सुती मोजे, खाली दिवा लावलेली काच, एका हाताने रीळ फिरवायचं, नखाएवढ्या ब्लेडने कडेची इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) खरवडायची, सिमेंट म्हणजे फिल्म चिकटवायचा द्रव लावायचा आणि दाबायचं. त्या सिमेंटचा वास डोक्यात जातो, सुरुवातीला मला घरी जेवण जायचं नाही. ओरखडा पडू नये म्हणून आम्ही श्वास धरून कापायचो, अतिशयोक्ती नाही. तिच्या काळी तर फिल्म नायट्रेटची, म्हणजे ठिणगी पडली की भडका. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याच लॅबला आग लागली होती, माणूस मेला त्यात.

आणि हे काम तेव्हा बायकांकडेच असायचं, का, तर शिवणटिपणासारखं नाजूक हाताचं आहे म्हणे. म्हणजे पगार कमी द्यायला सोपं. नाव कुठे यायचं नाही. मर्लिनच्या आधी तिच्या घरातून सिनेमाला पहिला हात लागला तो असा, पांढऱ्या मोज्यातला.

वडिलांचं : ग्लॅडिसने १९२४ मध्ये मॉर्टेन्सन म्हणून एकाशी दुसरं लग्न केलं, काही महिन्यांतच वेगळे झाले. मग लॅबमधलाच वरिष्ठ, चार्ल्स स्टॅन्ली गिफर्ड, त्याच्यापासून दिवस राहिले. त्याने हात वर केले. १ जून १९२६ ला लॉस एंजेलिसच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली, नाव नॉर्मा जीन, आडनाव लावलं कागदोपत्री नवऱ्याचं. गिफर्डच बाप होता हे पक्कं झालं २०२२ मध्ये, मर्लिनच्या केसांच्या बटेची आणि गिफर्डच्या घरातल्या एकाची डीएनए चाचणी जुळली तेव्हा. शहाण्णव वर्षं लागली. मर्लिनने मोठी झाल्यावर त्याला गाठायचा प्रयत्न केलेला, तो बोलायलाही तयार झाला नाही.

जन्मनोंदीत एक गोष्ट आहे ती मला कधी विसरता येत नाही. आधीची मुलं किती आणि हयात किती असा रकाना असतो ना, तिथे तिने आधीची दोन्ही मुलं हयात नाहीत असं सांगितलं. दोघंही तेव्हा केंटकीत जिवंत होती.

---

वेंधळी_वैदेही

@जुनं_रीळ बापरे. शेवटची ओळ वाचून मी फोन खाली ठेवला.

पण मग दोन आठवड्यांची पोर दुसऱ्यांकडे का? ते राहिलं.

---

अबोली_मोगरा

त्याचं उत्तर मी देते, मी यावर बरंच वाचलंय (सिनेमामुळे नाही, मी पाळणाघर चालवते म्हणून).

तेव्हा पाळणाघर आजच्यासारखं सर्रास मिळायचं नाही. प्रसूतीची रजा नाही, नवरा नाही, आजीचं नाव डेला, तिची स्वतःचीच मनःस्थिती ठीक नव्हती आणि ती वर्षभरातच म्हणजे १९२७ ला नॉरवॉकच्या मनोरुग्णालयात गेली. ग्लॅडिस कामावर गेली नाही तर खायचं काय? त्या काळी तिथे अशी कुटुंबं असायची जी पैसे घेऊन दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळायची. हॉथॉर्न नावाच्या गावात बोलेंडर नवराबायको होते, तो पोस्टमन, दोघं कडक देवभक्त. त्यांच्याकडे महिना २५ डॉलर. हे तिने भरले, आणि पहिली सात वर्षं पोर तिथेच होती. स्पष्टभाऊ, टाकणारी बाई दर महिन्याला पैसे भरते का?

आणि हे पण बघा, सुरुवातीला ग्लॅडिस स्वतः तिथे पोरीबरोबर राहत होती! हॉथॉर्नहून हॉलिवूडला रोज जाऊन येऊन करायचं, ते काही जमेना, मग शहरात खोली घेतली आणि शनिवार-रविवार ट्रॉलीने यायची. पोरीला डांग्या खोकला झाला तेव्हा येऊन बोलेंडरांकडे राहिली आणि शुश्रूषा केली. बोलेंडरांना पोर दत्तक हवी होती, हिने नाही म्हटलं. मूल दत्तक दिलं असतं तर तिचे २५ डॉलर वाचले असते आणि कुणी तिला नावंही ठेवली नसती.

---

स्पष्टच_बोलतो

अबोलीताई, पैसे भरले हे मान्य. पण त्या पोरीच्या बाजूने कोण बोलणार? तिने मोठेपणी सांगितलंय की मला ती फक्त लाल केसांची एक बाई वाटायची, आई आहे हे कळायचंच नाही. ज्या बाईने दूध पाजलं, न्हाऊ घातलं, तिला आई म्हटलं की ती म्हणायची मला आई म्हणू नकोस, तुझी आई ती शनिवारी येते ती. चार वर्षांच्या पोराला हे झेपतं? कुणी वाईट नव्हतं हे मान्य करूनही पोरीच्या वाट्याला जे आलं ते आलंच. आणि दत्तक नाही म्हटलं ते प्रेमापोटी की हट्टापोटी, कोण जाणे. बोलेंडरांकडे राहिली असती तर पुढची ती दहा-बारा घरं तरी चुकली असती.

---

अबोली_मोगरा

हे तुमचं बरोबर आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे पण एक पोरगं होतं, मला आई म्हणायचं आणि संध्याकाळी खरी आई आली की माझ्या पदरामागे लपायचं. तिचा चेहरा तेव्हा कसा व्हायचा ते मी रोज बघितलंय. त्यामुळे मला दोन्ही बाजू दिसतात आणि कुठलीच धरवत नाही.

---

गोगलगाय

चॅप्लिनच्या आईची आठवण झाली. हॅना. तीही एकटी, रंगमंचावर गायची, आवाज गेला, शिवणकाम करून पोरं वाढवली, वर्कहाउस (निराधार गरिबांना ठेवायची जागा), मग वेड्यांचं इस्पितळ. चॅप्लिनने १९२१ मध्ये तिला कॅलिफोर्नियात आणलं, १९२८ ला गेली. अवांतराबद्दल सॉरी, चालू द्या.

---

वेंधळी_वैदेही

नाही गोगलगाय, अवांतर कसलं. पण हॅनाबद्दल लोकांना माहितीये, लेकाने तिच्याबद्दल भरभरून लिहिलं. ग्लॅडिसबद्दल कुणीच बोललं नाही ना.

आता मला एक सांगा, सात वर्षं बोलेंडरांकडे आणि मग? अनाथाश्रम कुठून आला मध्येच?

---

जुनं_रीळ

मध्ये एक घर आलं. तीच खरी गोष्ट आहे.

१९३३ साल. अमेरिकेत मंदीने लोकांची घरं जात होती, आणि या एकट्या बाईने घर घेतलं. सरकारने नुकतंच होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलेलं, त्याचं कर्ज काढून. हॉलिवूडमध्ये, हॉलिवूड बोलजवळ अर्बोल ड्राइव्हवर. हप्ता निघावा म्हणून घराचा बराचसा भाग एका इंग्रज कुटुंबाला भाड्याने, नवराबायको दोघं सिनेमात किरकोळ कामं करणारे. आणि सात वर्षांची पोर अखेर आईच्या घरात राहायला आली. तिच्यासाठी आईने सेकंडहँड पियानो घेतला, पांढऱ्या रंगाचा, बेबी ग्रँड. घरात खुर्च्या धड नसतील पण पियानो. मी आईला ओळखतो असं मला या एका गोष्टीवरून वाटतं.

पण त्याच वर्षात काय काय झालं बघा. ग्लॅडिसच्या आजोबांनी गळफास घेतला. केंटकीहून बातमी आली की रॉबर्ट, म्हणजे तिचा थोरला, पंधराव्या वर्षी मूत्रपिंडाच्या आजाराने गेला. ज्याला कागदावर तिने आधीच मेलेला लिहून ठेवलं होतं. वर स्टुडिओंमध्ये संप. जानेवारी १९३४ मध्ये ती कोसळली. काही महिने इकडेतिकडे ठेवली, मग नॉरवॉक, तेच जिथे आई डेला वारली. निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया.

आईच्या घरात पोर राहिली ती जेमतेम काही महिने.

पुढचं ग्रेसने बघितलं. ग्रेस मॅकी, लॅबमधलीच मैत्रीण, तीही कटर. घर विकलं, पियानो विकला, कायद्याने पालक झाली. पण तिचंही लग्न झालं, घरात जागा नाही, पैसे नाहीत, म्हणून सप्टेंबर १९३५ मध्ये नॉर्मा जीन लॉस एंजेलिस ऑर्फन्स होममध्ये, वय नऊ. म्हणजे आईने घातलंच नाही तिथे, आई त्या वेळी स्वतःच बंद होती. मर्लिन पुढे सांगायची की दारात मी ओरडत होते, मी अनाथ नाही, माझी आई मेलेली नाही. आणि खिडकीतून आरकेओ स्टुडिओची पाटी दिसायची रात्री, आई तिथेही कटिंगला होती.

---

काठावरचा

बरेच दिवस इथे नुसता वाचतो, आज लिहावंसं वाटलं कारण आमच्या घरात हा आजार आहे, माझ्या सख्ख्या मावशीला. "वेडी होती" या दोन शब्दांत लोक जे गुंडाळतात ते मला अजिबात सहन होत नाही.

एक लक्षात घ्या, १९३४ मध्ये या आजारावर औषधच नव्हतं. एकही नाही. पहिलं खरं औषध क्लोरप्रोमाझिन, ते अमेरिकेत वापरात आलं १९५४ ला. त्याआधी काय तर कोंडून ठेवा, गार पाण्यात बुडवा, इन्शुलिन देऊन बेशुद्ध करा, नंतर विजेचे झटके. ग्लॅडिसची ऐन बत्तीस ते त्रेचाळीस ही वर्षं अशा ठिकाणी गेली. माझी मावशी रोज सकाळी एक गोळी घेते आणि दुपारी शब्दकोडं सोडवते, माझ्यापेक्षा जास्त शब्द येतात तिला. वीस वर्षं आधी जन्मली असती तर ती पण नॉरवॉकसारख्या कुठल्यातरी गजांआड असती. नशीब म्हणजे दुसरं काय असतं, जन्मसाल असतं.

आणि हा आजार झालेलं माणूस प्रेम करत नाही असं नसतं. पण चेहऱ्यावर येत नाही, थिजल्यासारखं दिसतं. १९४५ च्या शेवटी ग्लॅडिस पोर्टलंडला राहत होती, नॉर्मा जीन तेव्हा एकोणीस वर्षांची, मॉडेलिंग करायची, फोटोग्राफर आंद्रे द दियनबरोबर भेटायला गेली, स्कार्फ, सेंट, चॉकलेटं घेऊन. त्याने लिहून ठेवलंय की आई तशीच बसून राहिली, वस्तू समोर पडून, आणि मग हातात तोंड लपवलं. वाचणारे म्हणतात काय थंड बाई. मी म्हणतो तुम्ही कधी असं बसलेलं माणूस जवळून बघितलेलं नाही.

---

अबोली_मोगरा

काठावरचा, लिहिलंत ते बरं केलंत. तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

यात एक भर. १९४६ मध्ये ग्लॅडिस काही काळ लॉस एंजेलिसला लेकीजवळ राहिली होती. तेव्हा एक दिवस ती कुणालाही न सांगता लेकीच्या मॉडेलिंग एजन्सीत गेली. पांढरा ड्रेस, हातमोजे, टोपी. एजन्सीची मालकीण एमलिन स्नाइव्हली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, माझ्या मुलीसाठी जे केलंत त्याबद्दल आभार मानायला आले. एवढंच, आणि गेली. थंड बाई असं करते होय?

---

स्पष्टच_बोलतो

हे माहिती नव्हतं. ठीके, "टाकली" हा शब्द मागे घेतो. पण मग अनाथ आहे असं जगाला सांगितलं ते कुणी? पोरीनेच ना? आई जिवंत असताना?

---

जुनं_रीळ

स्टुडिओने. आणि हो, तिनेही. पब्लिसिटी डिपार्टमेंटला अनाथ नटी फार सोयीची. वेड्यांच्या इस्पितळातली आई सोयीची नाही. १९४६ मध्ये नाव बदललं तेव्हा मन्रो हे आडनाव आईच्या माहेरचं घेतलं, म्हणजे आई नावात ठेवली आणि गोष्टीतून काढली. १९५२ मध्ये एका पत्रकाराने आई जिवंत आहे आणि तिथेच एका नर्सिंग होममध्ये काम करते हे शोधून काढलं. तेव्हा मर्लिनने सरळ कबूल केलं, की आई वर्षानुवर्षं इस्पितळात होती, मी तिला नीट ओळखतही नव्हते, पण आता मदत करते आहे.

मुलीला दोष द्यायला मला जमत नाही. ती स्वतः आईसारखं आपल्याला होईल या भीतीत जगली. फेब्रुवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कला तिला दवाखान्यात नेलं, विश्रांतीसाठी म्हणून, आणि ठेवली मनोरुग्णांच्या कुलूपबंद खोलीत. आधीच्या नवऱ्याने, डिमॅजिओने येऊन सोडवलं. आणि त्याच्या जेमतेम महिनाभर आधी तिने मृत्युपत्र केलं होतं, त्यात एक लाख डॉलरचा ट्रस्ट, त्यातून आईला वर्षाला ५,००० डॉलर. भेटायची फार नाही पण पैसे चुकवायची नाही. आठवलं का काही? दर महिन्याला २५ डॉलर.

(एडिट : वरचं शेवटचं वाक्य जरा नाटकी झालं, पण राहू दे.)

---

वेंधळी_वैदेही

राहू दे खरंच. शेवटी कुठे होती ती? ५,००० मिळाले का तिला?

---

जुनं_रीळ

लगेच नाही. इस्टेट कर्ज आणि टॅक्समध्ये अडकली, हिच्या दवाखान्यात राहण्याची फी थकत गेली. सगळ्या जगात पोस्टरं विकली जात होती त्या वर्षांत.

१९५३ पासून ती रॉकहेवनला होती, लॉस एंजेलिसच्या उत्तरेला डोंगराखाली ग्लेन्डेलमध्ये. (गोगलगाय, चॅप्लिनची हॅना पण शेवटी ग्लेन्डेललाच गेली, योगायोग.) ही जागा वेगळी होती हां, अग्नेस रिचर्ड्स नावाच्या नर्सने १९२३ मध्ये काढलेली, सरकारी इस्पितळांतले हाल बघून. फक्त बायकांसाठी, बायकांनीच चालवलेली, मोठे वॉर्ड नाहीत, छोट्या कॉटेज आणि बाग. खर्च मर्लिन करायची. तरी ग्लॅडिसला तिथे राहायचं नव्हतं. तिने लेकीला लिहिलेली एक चिठ्ठी मर्लिनच्या कागदपत्रांत सापडली, चार ओळींची, इथे फार वैताग आहे, मला इथून हलव, आणि मला माझ्या लेकराचा द्वेष नको, प्रेम हवंय अशा अर्थाची.

लेकीच्या अंत्यविधीला ती नव्हती. बर्नीस होती, म्हणजे नवऱ्याने पळवलेली ती दुसरी मुलगी. पुढच्या वर्षी, १९६३ मध्ये, ग्लॅडिस कपाटातल्या छोट्याशा खिडकीतून उतरून पळाली, एकसष्ट वर्षांची बाई! मैलोनमैल चालत गेली आणि दुसऱ्या दिवशी एका चर्चमध्ये सापडली. परत आणली.

१९६७ मध्ये सुटली ती बर्नीसकडे, फ्लोरिडाला. गेन्सव्हिलमध्ये ११ मार्च १९८४ ला गेली, एक्याऐंशी वर्षांची.

---

काठावरचा

म्हणजे जिला १९२३ मध्ये बापाने उचलून नेलं, चार वर्षांची होती, जिला आईने कागदावर मेलेली लिहिलं, तिनेच शेवटी आईला नेलं.

---

वेंधळी_वैदेही

सगळ्यांचे आभार. मी मुद्दाम सुरुवातीला सांगितलं नव्हतं पण आता सांगते. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि सोमवार ते शुक्रवार माझ्या बहिणीकडे असतो. माझी शिफ्ट रात्रीची असते, घरात दुसरं कुणी नाही, दुसरा मार्ग निघत नाहीये सध्या. शुक्रवारी रात्री घ्यायला जाते तेव्हा कधी धावत येतो, कधी टीव्हीवरून मानही वळवत नाही. धागा काढला तेव्हा मला खरं म्हणजे मर्लिनबद्दल नव्हतंच विचारायचं बहुतेक.

स्पष्ट, तुमचा राग नाही आला. तुम्ही जे पहिल्यांदा लिहिलंत तेच माझ्या शेजारच्या काकू मला तोंडावर म्हणतात.

---

स्पष्टच_बोलतो

वैदेहीताई, माफ करा. मला अंदाज नव्हता. माझी आई पण नोकरी करायची, मी आजोळी वाढलो, पाचवीपर्यंत. कदाचित तो राग होता. आज फोन करतो तिला.

---

अबोली_मोगरा

वैदेही, टीव्हीवरून मान वळवत नाही ना, ते रुसणं असतं. रुसतो म्हणजे वाट बघत असतो. पदरामागे लपणारा माझा तो पोरगा आता इंजिनियरिंगला आहे आणि आईला सोडायला बसस्टॉपपर्यंत येतो.

---

गोगलगाय

त्या पांढऱ्या पियानोचं काय झालं पुढे? विकला म्हणालात ना.

---

जुनं_रीळ

मर्लिनने मोठी झाल्यावर शोधून काढला आणि परत विकत घेतला. जिथे राहायला जाईल तिथे नेला, रंगही पांढराच ठेवला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा गायिका मारिया कॅरीने घेतला, ६,६२,५०० डॉलरला. ग्लॅडिसने घेतला तेव्हा ती हप्त्यावर होती.